थंडीतले पाहुणे आणि सलीम अली

मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, बीदर-कलबुर्गी सीमाभागातील घरेच्या घरे शेतावर लोटतात. कडब्याची कोप उभारलेली असते, पूजा झालेली असते, भज्जी, उंडे आणि आंबिलीची गाडगी झाकून ठेवलेली असतात. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंच असल्याने त्या सकाळी अंगात हुडहुडी भरते. शेकोटीपाशी बसून समोर पाहावे, तर ज्वारीच्या कणसांवर भोरड्यांचा थवाच्या थवा उतरलेला दिसतो. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख, आणि अखंड कलकलाट. राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवितो, थवा उठतो, आकाशात एक वळसा घेतो आणि दोन शेते ओलांडून पुन्हा खाली बसतो.

हे पक्षी कोठून येतात? आपल्याच कणसांवर त्यांचा डोळा का? आणि त्यांना हाकलावे, की चार दाणे खाऊ द्यावेत? आमच्या लहानपणी या प्रश्नांना वडीलमाणसांकडून एकच उत्तर मिळे, ते म्हणजे हातात गोफण. पुढे वाचनात आले की, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले, आणि त्या आयुष्यातील पहिली मोठी मोहीम त्याने ज्या संस्थानात काढली, त्याच निजामी हैदराबाद संस्थानात तेव्हा आपले बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे मोडत होते. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन ते कानडी मुलखात गेले. पक्ष्यांना अर्थातच त्याची वार्ता नाही. त्या माणसाचे नाव सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली. जग त्यांना डॉ. सलीम अली म्हणून ओळखते.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. वडील ते एक वर्षाचे असतानाच वारले, आई तिसऱ्या वर्षी गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. मामांना शिकारीचा शौक. त्यांनी भाच्याला छर्‍याची बंदूक दिली आणि भाचा चिमण्या मारीत सुटला. आज ज्यांचे नाव पक्ष्यांच्या रक्षणासाठी घेतले जाते, त्या पुरुषाच्या चरित्राचा आरंभ असा आहे, आणि तो आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. गोफण आणि बेचकी बाळगणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी तर तो अवश्य वाचावा.

त्या वयातही हा मुलगा इतर पोरांहून एका बाबतीत निराळा होता. चेंबूरच्या घरी तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर खुंटीवर बसलेला. त्याने नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळविला. त्याने तोही मारला. असे सात दिवसांत आठ नर पडले, आणि दर खेपेला नवा नर त्याच खुंटीवर येऊन बसला. हा सारा हिशेब मुलाने वहीत टिपून ठेवला. कृत्य क्रूर खरे. परंतु टिपण मात्र खऱ्या निरीक्षकाचे होते.

पुढे एके दिवशी अशीच एक चिमणी पडली, ती वेगळी निघाली. गळ्यावर पिवळा ठिपका. मुसलमान घरात असा पक्षी खाण्यास चालतो की नाही, ही शंका त्याने मामांना विचारली. मामांना पक्षी ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मिलार्डसाहेबांनी त्या दहा-बारा वर्षांच्या मुलापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडले, त्याची पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती ते दाखविले आणि वाचण्यास पुस्तके दिली. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने एका पोराच्या प्रश्नाला दाराबाहेर उभे केले नाही, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

येथून सारे सुरळीत झाले असते, तर चरित्र लिहिण्यात गोडी राहिली नसती. शाळेत डोकेदुखीने त्रासले, अभ्यासात मन रमेना. तरुणपणी भावाच्या धंद्यास हातभार लावण्यासाठी ब्रह्मदेशातील टेव्हॉय येथे गेले. तेथे खाणींपेक्षा रानातच अधिक रमले. मुंबईस परतल्यावर झेवियर कॉलेजात प्राणिशास्त्राचा थोडा अभ्यास झाला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमीना यांच्याशी विवाह झाला. मोठी पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्याचे दार बंदच राहिले. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्ये लोकांना प्राणिविभाग समजावून सांगण्याची नोकरी लागली. दोन वर्षांत तिचा कंटाळा आला आणि रजा घेऊन ते जर्मनीस गेले.

बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय म्यूझियममध्ये एर्विन श्ट्रेझेमान नावाचे थोर पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांना सलीम अलींनी आयुष्यभर गुरू मानले. मेलेला पक्षी ओळखणे ही निम्मीच विद्या. तो जिवंतपणी काय करतो, काय खातो, कोठे जातो हे पाहणे ही उरलेली, आणि अधिक अवघड विद्या, ही दृष्टी त्यांना येथे लाभली. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे कामही त्यांनी पाहिले व शिकून घेतले.

त्या देशांतील हिवाळ्याविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्या थंडीवरून त्याची कल्पना येत नाही. तेथे तळी गोठतात, जमीन बर्फाखाली जाते, किडे दिसेनासे होतात आणि दिवस अवघा सात-आठ तासांचा उरतो. टिचभर पक्ष्याचे शरीर माणसाहून उष्ण, सुमारे चाळीस अंशांचे. ती ऊब टिकविण्यासाठी तो पिसे फुलवितो, पिसांमध्ये हवा कोंडतो आणि आत अंगातली चरबी जाळीत राहतो. लांब रात्र काढताना रामगंगेएवढ्या लहान पक्ष्याचे वजन दहाव्या हिश्शाने उतरते. ते दुसऱ्या दिवशी भरून आले नाही, तर त्यानंतरची रात्र त्याला काढता येत नाही. म्हणून जर्मनीत आणि इतरत्र लोक खिडकीबाहेर दाणे व चरबीचे गोळे टांगतात. बॅरन फॉन बर्लेप्श नावाच्या जमीनदाराने तर हिवाळ्यात पक्ष्यांना चारा घालण्याची साधने आणि लाकडी घरटी यांचे पद्धतशीर प्रयोग केले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पक्षी भितो तो थंडीला नव्हे, उपासाला. दाणा मिळत असेल, तर मूठभर पाखरू बर्फातही तग धरते. दाणा संपला, की त्याला पंख पसरावे लागतात. आपली भोरडी हे याचे उत्तम उदाहरण होय. ती मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात पिले काढते आणि पिले उडू लागताच निघते. तिकडे हिवाळा पडायला अजून अवधी असतो, तोच, श्रावणाच्या सुमारास, तिचे पहिले थवे हिंदुस्थानात दिसू लागतात. चैत्रापर्यंत ती येथेच राहते. वर्षातील बहुतेक महिने आपल्याकडे काढणाऱ्या या पक्ष्याला पाहुणा म्हणावे की घरचा, हा प्रश्नच आहे.

१९३० साली सलीम अली परतले, तो म्यूझियममधील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. वय चौतीस, नोकरी नाही. ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. घरासमोर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते रोज तास न् तास तिच्याकडे पाहात बसले. त्यातून जे निघाले त्याने जाणकारही चकित झाले. आपण कौतुकाने जिला सुगरण म्हणतो, ती मुळी घरटे बांधीतच नाही. बांधतो तो नर. घरटे अर्धे झाले, की माद्या येऊन ते तपासतात. एखादीने पसंत केले, की नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणावयास घेतो. शेकडो वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर घडणारी ही गोष्ट बेकार बसलेल्या एका माणसाने प्रथम नीट पाहिली.

याच बेकारीतून त्यांना एक युक्ती सुचली. हिंदुस्थानातील संस्थानी मुलखात कोणते पक्षी आहेत याची पद्धतशीर नोंद फारशी झालेली नव्हती. त्यांनी सोसायटीमार्फत कळविले की, संस्थानांनी मुक्काम व प्रवासाचा खर्च सोसावा, मी वेतन न घेता पाहणी करीन. हैदराबाद संस्थान राजी झाले, आणि १९३१-३२ मध्ये त्यांची पहिली मोठी पाहणी पार पडली.

त्या कामाचे स्वरूप आज मुलांना सांगावे लागते, कारण आता दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन मोटारीतून रानात जाता येते. तेव्हा सामान बैलगाडीवर लादावयाचे, मैलोगणती चालावयाचे, आणि गावाबाहेर राहुट्या ठोकावयाच्या. पहाटे उजाडण्यापूर्वी बाहेर पडावयाचे, कारण पक्षी भुकेला असतो तो पहाटे. तेव्हाच त्याचे खाणे, बोलणे, भांडणे दिसते. दुपारी मिळविलेल्या पक्ष्यांची कातडी सोलून भरावयाची, लांबी-रुंदी मोजावयाची आणि पोट उघडून आत काय आहे ते पाहावयाचे. बी, फळ, किडा, टोळ, जे सापडेल ते लिहावयाचे. रात्री कंदिलाच्या उजेडात दिवसाची नोंद पुरी केल्याखेरीज झोपावयाचे नाही. होय, यासाठी पक्षी मारावे लागत. सलीम अलींनी ते कधी लपविले नाही. जरुरीपुरता पक्षी घ्यावा, गंमत म्हणून एकही नाही, अशी त्यांची भूमिका होती. चेंबूरच्या तबेल्यापासून येथवरचा प्रवास आम्हाला त्यांच्या सर्व पदकांहून मोठा वाटतो.

या भटकंतीत तेहमीना त्यांच्याबरोबर असत. सुखवस्तू घरात वाढलेल्या, परदेशी शिकलेल्या या बाईंनी राहुटीतले जिणे आनंदाने पत्करले आणि मुक्कामाची सारी व्यवस्था अंगावर घेतली. हैदराबादच्या पाहणीचा वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये पाच भागांत प्रसिद्ध झाला. त्याला इंग्लंडातील ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांची जोड होती. पाठोपाठ त्रावणकोर-कोचीन, म्हैसूर, बहावलपूर, बस्तर असे एकेक मुलूख त्यांनी पायाखाली घातले.

१९३२ साली त्यांनी फुले आणि पक्षी यांच्या नात्यावर एक लेख प्रसिद्ध केला. तो विषय आपल्या ओळखीचा आहे. माघ-फाल्गुनात सावर, पळस आणि पांगारा फुलले, की त्याच भोरड्या आणि साळुंक्या त्यांच्यावर तुटून पडतात. त्या फुलातला मध पितात, आणि पिताना त्यांच्या कपाळाला लागलेले पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. म्हणजे ज्वारी काढून झाल्यावर हा चोर माळावर जाऊन झाडांची लग्ने लावतो. भोरडीच्या खात्यात आणखी एक जमा आहे. पिले वाढविण्याच्या काळात ती टोळ आणि नाकतोडे यांच्यावर जगते, आणि टोळांच्या झुंडी जिकडे असतील तिकडे वसाहत करते. चीनच्या शिंजियांग प्रांतात लोकांनी तिला राहता यावे म्हणून मुद्दाम दगडांच्या राशी आणि घरटी उभारली आहेत. आमच्या राखणदाराने हे ऐकले, तर तो गोफण खाली ठेवील, असे नाही. कणसे त्याची जातात, टोळ दुसऱ्यांचे मरतात. त्याची तक्रार खोटी नव्हे. सलीम अलीही ज्वारीचे नुकसान नाकारीत नसत. जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहावयाच्या, एवढाच त्यांचा आग्रह.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमीना वारल्या. वीस वर्षांचा संसार असा अचानक मोडला. त्यांना मूलबाळ नव्हते. सलीम अली बहीण व मेहुणे यांच्या घरी राहू लागले आणि पुन्हा रानात जाऊ लागले. त्यांनी दुसरा विवाह केला नाही.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांविषयीचे सचित्र पुस्तक निघाले. तोवर पक्ष्यांची पुस्तके साहेबांसाठी असत; हे पुस्तक हाती घेऊन सामान्य माणूस अंगणातला पक्षी ओळखू लागला. पंडित नेहरूंनी तुरुंगात असताना ते आपल्या कन्येला, इंदिरेला, पाठविले होते. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी अडचणीत आली, तेव्हा नेहरूंच्या सरकारने तिला हात दिला, त्यात या ओळखीचा वाटा होता. पुढे अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा पक्षिग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे, हे पाहुणे कोठून येतात याकडे, वळू. धारच्या पवार महाराजांच्या संस्थानात १९२६ पासून सोसायटीच्या साह्याने बदकांच्या पायात कडी घालण्यास आरंभ झाला होता. परंतु मोठे काम झाले ते १९५९ पासून. त्याला कारण आपल्याच राज्यात घडले. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. त्या तापाचे विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूंशी मिळतेजुळते निघाले. संशय आला तो हिवाळी पक्ष्यांवर. उत्तरेकडून येताना तेच हा रोग आणीत नसतील ना? जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सलीम अलींच्या देखरेखीखाली देशभर पक्षी पकडण्याचे काम सुरू झाले.

न दिसणाऱ्या बारीक जाळ्या पहाटे लावावयाच्या, अडकलेला पक्षी हलक्या हाताने सोडवावयाचा, वजन करावयाचे, पिसांत गोचीड आहे का पाहावयाचे, पायात क्रमांक कोरलेले हलके कडे घालावयाचे आणि सोडून द्यावयाचा. तो पक्षी सैबेरियात वा तुर्कस्तानात कोणाला सापडला आणि त्याने क्रमांक कळविला, की प्रवासाची दोन टोके जुळली. हजारो पक्ष्यांमागे एखाद्याच्याच कड्याची बातमी येते. या कामाला चिकाटी लागते ती यासाठी. पाहुण्यांवरील आरोप अखेर सिद्ध झाला नाही. रोग तेथल्याच जंगलातला होता, आणि तो पसरवीत होती तेथलीच गोचीड. पक्षी निर्दोष ठरले. वर त्यांचे मार्ग आपल्याला कळले. हिवाळ्यात आपल्या धरणांवर आणि सुरपूरकडील बोनाळच्या तळ्यावर येणारे पट्टकादंब हंस तिबेट-मंगोलियाच्या तळ्यांवरून हिमालय ओलांडून येतात. ज्या मानसरोवराच्या मुलखात ते विणीसाठी राहतात, तेथे सलीम अली १९४५ सालीच जाऊन आले होते. इतर लोक तेथे देवदर्शनास जातात. त्यांच्या यात्रेचे दैवत पक्षी होते.

पाखरांना चारा घालण्याविषयी आमचे मत विचाराल, तर ते सलीम अलींच्या वहीतूनच घेतलेले आहे: आधी पाहावे, मग घालावे. राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावात जैन कुटुंबे दर हिवाळ्यात हजारो कांड्या करकोच्यांसाठी धान्य पसरतात. करकोचा मूळचाच दाणे खाणारा, म्हणून ते अन्न त्याला मानवते. तेच दाणे धोब्यापुढे टाकले, तर तो शेपटी हलवीत पुढे जाईल, कारण त्याला किडा हवा. चिमणीसारखे दाणे टिपणारे पक्षीसुद्धा पिलांना भरवितात ते किडेच. म्हणून शेताच्या बांधावरील बाभूळ-बोरी राखणे हीदेखील पाखरांना घास घालण्याचीच रीत आहे. आपल्याकडे ज्वारी मागे पडून सोयाबीन आणि ऊस वाढले, तसे राखणदारांचे माळेही कमी झाले. भोरडीने त्याचे काय केले, हे आपल्यातील कोणीतरी वहीत टिपून ठेवले पाहिजे.

उतारवयातील सलीम अलींच्या अनेक गोष्टी सांगतात. शरीर शिडशिडीत, स्वभाव तापट, वेळेचा काटा कडक. मुक्कामात कोणी घोरले, की ते संतापत. मोटारसायकलचे त्यांना अतोनात वेड. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची परिषद होती. हे गृहस्थ आपली सनबीम गाडी बोटीवर घालून युरोपात घेऊन गेले आणि तिच्यावर स्वार होऊन परिषदेला हजर झाले. तेव्हा वय चौपन्नाच्या घरात. हिंदुस्थानातून ते गाडीवरच आले, असे काहींना वाटले म्हणतात.

१९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय गेटी पारितोषिक त्यांना मिळाले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामास दिली. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे तळे टिकावे म्हणून त्यांनी जिवाचे रान केले. कड्या घालण्याचे मोठे केंद्रही तेथेच होते. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९८७ साली, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईस त्यांचे निधन झाले.

आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', म्हणजे एका चिमणीचे पडणे. शेकडो जातींचे पक्षी पाहून झाल्यावर, सारे मानसन्मान पदरी पडल्यावर, मुखपृष्ठासाठी त्यांना आठवली ती छर्‍याने पाडलेली, पिवळ्या गळ्याची, मामांना ओळखता न आलेली एक चिमणी.